मुंगी चावल्यावर येणाऱ्या फोडात जंतू का नसतात?

सकाळी प्रयोगशाळेत पोचल्यावर माझं पहिलं काम इन्क्युबेटर उघडण्याचं. रुग्णांच्या लघवीतून, रक्तातून, जखमेच्या पुवातून मिळालेले जंतू आदल्या दिवशी अगारच्या, म्हणजे जंतूंना पोसणाऱ्या जेलीच्या, प्लेटांवर पसरून ठेवलेले असतात आणि रात्रभर ३५ अंशांच्या उबेत ते वाढतात. प्रत्येक प्लेटवर वेगवेगळी अँटिबायोटिक्स जिरवलेल्या कागदी चकत्या असतात, शर्टाच्या बटणाहून लहान, ६ मिलिमीटरच्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, तिथे स्वच्छ गोल जागा राहते. तिला आम्ही झोन म्हणतो. पट्टी लावून झोन मोजायचा आणि रिपोर्टवर त्या औषधासमोर एस किंवा आर लिहायचं. एस म्हणजे जंतू औषधाला दाद देतो. आर म्हणजे देत नाही.

गेल्या महिन्यात मधुमेहाने चिघळलेल्या एका पायाच्या जखमेची प्लेट होती. झाकण उघडताच पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडूस वास आला आणि सगळी प्लेट हिरवट झालेली दिसली. हा स्युडोमोनास. त्याला ओळखायला अनुभवी माणसाला सूक्ष्मदर्शक लागत नाही. सहा चकत्या होत्या. पाचांना जंतू अगदी कडेपर्यंत चिकटून उगवले होते. पाच वेळा आर लिहिताना हात जड होतो, कारण रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांच्या हातात आता काय उरलंय हे आपल्याला कळत असतं.

त्याच संध्याकाळी कोकणातल्या चुलतभावाचा फोन आला. त्याच्या सासऱ्यांची पायाची जखम दोन महिने भरत नव्हती. त्याने कुठेतरी वाचलं होतं. "ताई, मुंगीच्या विषाने म्हणे औषधाला न जुमानणारे जंतू मरतात. आमच्या परसात लाल मुंग्यांना तोटा नाही. वाटून लावल्या तर?"

मी त्याला आधी ठाम नाही म्हटलं. वाटलेल्या मुंग्या उघड्या जखमेवर लावणं म्हणजे माती, नवे जंतू आणि ॲलर्जी एकदम आत घालणं. पण त्याने वाचलेलं खोटं नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं अर्धं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी चावण्याबद्दल. लाल मुंगी चावली असं आपण सरसकट म्हणतो, पण ती एका दमात दोन कामं करते. आधी जबड्याने कातडी घट्ट पकडते. ती नुसती पकड असते, आग त्याने होत नाही. मग पोट खाली वळवून मागच्या टोकाची नांगी आत खुपसते आणि विष सोडते. जबड्याची पकड न सोडता ती जागच्या जागी फिरते आणि पुन्हा डंख मारते, मग पुन्हा. म्हणून फोड कधीकधी छोट्या अर्धगोलात उठलेले दिसतात. ही नांगी मुळात अंडी घालण्याचा अवयव होता, उत्क्रांतीत त्याची सुई झाली. तेव्हा डंख मारणारी प्रत्येक मुंगी मादीच असते.

ज्या मुंगीवर सगळ्यात जास्त अभ्यास झाला ती अमेरिकेतली. इंग्रजीत तिला फायर अँट म्हणतात, शास्त्रीय नाव सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा. मूळची दक्षिण अमेरिकेची ही मुंगी १९३० च्या दशकात जहाजांतून अलाबामातल्या मोबील बंदरात उतरली आणि तिथून अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या शेतांत पसरली. आपल्याकडे तिची जवळची नातेवाईक सोलेनॉप्सिस जेमिनाटा आढळते. तीही बाहेरून आलेली, आणि डंखाची आग तशीच.

इन्व्हिक्टा चावली की आधी गांध येते आणि साधारण दिवसभरात तिच्या जागी पांढऱ्या टोकाचा फोड उभा राहतो. दिसायला तो पिकलेल्या पुळीसारखाच. पण त्यातला द्रव घेऊन प्लेटवर लावला तर काही उगवत नाही. पू आहे आणि जंतू नाहीत! माझ्यासारख्या रोज पू बघणाऱ्या बाईला हे वाचून नवल वाटलं होतं. खुलासा असा की विषाने तिथल्या कातडीतल्या पेशी मरतात, त्या साफ करायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात आणि त्यांचाच हा पू होतो. तो निर्जंतुक असतो. नखाने फोडला तर मात्र बाहेरचे जंतू आत शिरतात आणि मग खरी जखम चिघळते.

१९५८ मध्ये मरे ब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात फायर अँटच्या विषावर एक छोटा लेख छापला. हे विष कीटक मारतं आणि त्यात जंतुरोधक गुणही आहेत, असं त्यात दाखवलं होतं. तोवर अभ्यासलेली कीटकांची विषं बहुतेक प्रथिनांची असत. हे वेगळं निघालं. १९७० पर्यंत त्यातल्या मुख्य रसायनाची, एका अल्कलॉइडाची, रचना उलगडली आणि त्याला सोलेनॉप्सिन नाव मिळालं. या मुंगीच्या विषाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग अशा अल्कलॉइडांचाच असतो. प्रथिनं अगदी नावापुरती असतात, पण ॲलर्जी होते ती त्या नावापुरत्या प्रथिनांमुळे.

अल्कलॉइड हा शब्द परका वाटला तरी घरातला आहे. चहाकॉफीतलं कॅफीन अल्कलॉइड, तंबाखूतलं निकोटीन अल्कलॉइड. मिऱ्याचा तिखटपणा ज्याच्यामुळे येतो त्या पायपरीनमध्ये पाच कार्बन आणि एक नायट्रोजन यांचं एक कडं असतं. मिऱ्याच्या लॅटिन नावावरूनच त्या कड्याला पायपरिडीन म्हणतात. सोलेनॉप्सिनमध्ये नेमकं तेच कडं आहे आणि त्याला अकरा कार्बनांची लांब शेपटी जोडलेली आहे. कडं पाण्यात रमतं, शेपटी तेलात. ही जोडगोळी लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ तिचाच आहे.

आता मुंगीला जंतुनाशक लागतंच कशाला?

वारुळाच्या आत काय परिस्थिती असते याचा विचार करा. दमट माती, उबदार हवा, उजेड नाही. एका मोठ्या वारुळात या मुंग्या दोन लाखांच्या घरात असू शकतात, पुष्कळदा सगळ्या एकाच आईच्या मुली, म्हणजे एकीला जो रोग लागेल तो दुसरीलाही सहज लागणार. दिवसभर एकमेकींच्या तोंडाला तोंड लावून अन्न देणंघेणं चालू. भोवतालच्या मातीत बुरशी आणि जिवाणू मुबलक. मी पाहिलेल्या कुठल्याही वॉर्डापेक्षा ही जागा संसर्गाला जास्त सोयीची आहे. तरीही कोट्यवधी वर्षं ही वस्ती टिकून आहे.

१९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक गोष्ट नोंदवली गेली आणि मुंगीच्या विषाबद्दलच्या सगळ्या वाचनात मला तीच सर्वांत जास्त आवडली. फायर अँट पोटाचं टोक वर उचलते, ते थरथरवते आणि विषाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडवते. बाहेर दुसऱ्या जातीची मुंगी आडवी आली तर तिला हाकलायला ती असं करते, तेव्हा ५०० नॅनोग्रॅमपर्यंत विष उडतं. पण अंडी आणि अळ्या सांभाळणाऱ्या दाया मुंग्याही हेच करतात. त्या मात्र मोजून मापून, साधारण १ नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. शत्रूवर पाचशे आणि बाळांवर एक. हे शिंपण जंतूंपासून रक्षण करण्यासाठी असावं, असा अंदाज संशोधकांनी मांडला.

म्हणजे ज्याला आपण हत्यार समजतो ते तिच्या घरात डेटॉलसारखंही वापरलं जातं. आणि ते अंड्यांच्या पोटात नाही जात, वरून लागतं. हा तपशील मी शेवटी पुन्हा घेणार आहे.

सगळ्या मुंग्यांचं विष अल्कलॉइडी नसतं. बऱ्याच जातींत ते पेप्टाइडांचं असतं. पेप्टाइड म्हणजे छोटं प्रथिन, दहावीस ते चाळीसपन्नास अमायनो आम्लांची माळ. फ्रेंच गयानाच्या जंगलातल्या एका शिकारी मुंगीच्या विषातून २००१ मध्ये अशी पंधरा पेप्टाइडं एकदम मिळाली. त्यांना पोनेरिसिन नाव दिलं गेलं. त्यांतली काही एका पतंगाच्या रक्तातल्या सेक्रोपिन या जंतुनाशकासारखी निघाली, काही मधमाशीच्या विषातल्या मेलिटिनसारखी, आणि काही बेडकाच्या कातडीतल्या पेप्टाइडांसारखी. पतंग, मधमाशी, बेडूक आणि मुंगी, कुठे कोणाचा संबंध! तरी जंतू मारायची युक्ती सगळ्यांना सारखीच सापडलेली. जगभर उष्ण प्रदेशात पसरलेल्या टेट्रामोरियम बायकॅरिनाटम या बारक्या मुंगीच्या विषातून २०१२ मध्ये बायकॅरिनालिन मिळालं. ते फक्त २० अमायनो आम्लांचं आहे. त्यानंतरच्या चाचण्यांत ते पोटात अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टरवरही प्रभावी ठरलं.

युक्ती काय आहे ते सांगते, कारण औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंशी तिचा थेट संबंध आहे.

आपली नेहमीची अँटिबायोटिक्स जंतूच्या एखाद्या ठरावीक यंत्राला अडवतात. कोणी भिंत बांधणाऱ्या विकराला धरतं, कोणी प्रथिनं तयार करणाऱ्या रायबोझोमला. कुलूपकिल्लीचं काम आहे हे. जंतूने कुलपाचा आकार जरासा बदलला की किल्ली फुकट. किंवा तो औषध कापणारं विकर तयार करतो, किंवा आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकतो. पेनिसिलिनवर मात करणारा स्टॅफिलोकोकस १९४० च्या दशकातच रुग्णालयांत दिसू लागला होता. त्यावर उतारा म्हणून १९५९ मध्ये मेथिसिलिन आलं आणि १९६१ मध्ये त्यालाही न जुमानणारा स्टॅफ सापडला. आज ज्याला एमआरएसए म्हणतात तो हाच. २०१९ या एका वर्षात जगभरात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधरोधक जंतूंमुळे झाले, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे.

मुंगीचं विष कुलपाच्या वाटेला जात नाही, ते दारच फोडतं. प्रत्येक जंतूभोवती मेदाचं एक पातळ आवरण असतं. तुपाने माखलेल्या ताटावर नुसतं पाणी ओतलं तर तूप हलत नाही, साबण लावला की सुटतं, कारण साबणाचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. सोलेनॉप्सिनची शेपटी अशीच मेदाच्या आवरणात घुसते आणि त्याची वीण विस्कटते. पेप्टाइडांचंही तत्त्व हेच, फक्त जास्त नेमकं. आवरणाजवळ गेल्यावर त्यांची माळ स्प्रिंगसारखी वळते. स्प्रिंगची एक बाजू तेलकट, दुसरी पाणी धरणारी आणि धनभारित. जंतूच्या आवरणाचा बाहेरचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, त्यामुळे ती तिकडे ओढली जाते, आवरणात रुतते आणि भोकं पडतात. आतलं पोटॅशियम गळून जातं, बाहेरचं पाणी आत येतं आणि जंतू फुटतो. आपल्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला असा ऋणभार फारसा नसतो, शिवाय आवरणात कोलेस्टेरॉलचा भराव असतो, म्हणून त्या तुलनेने वाचतात. तुलनेने. पुढे याच शब्दापाशी अडायला होतं.

एखादं विकर बदलणं जंतूला सोपं जातं, सगळं आवरण नव्याने विणणं तितकं सोपं नसतं. पेनिसिलिन कापणारा स्टॅफ या भोकांपुढे जवळपास साध्या स्टॅफइतकाच उघडा पडतो. मुंगीच्या विषाकडे संशोधकांचं लक्ष लागलंय ते यासाठी.

सोलेनॉप्सिनची दुसरी करामत २००८ मध्ये कळली, आणि ती त्या हिरवट प्लेटीतल्या स्युडोमोनासच्याच बाबतीत. हा जंतू एकटादुकटा असताना गप्प असतो. प्रत्येक जंतू थोडंथोडं एक रसायन बाहेर सोडत राहतो. गर्दी वाढली की रसायनही साठतं, आणि एका मर्यादेपलीकडे गेलं की सगळ्यांना इशारा मिळतो की आता आपण पुरेसे आहोत. मग ते एकदम कामाला लागतात. विषारी द्रव्यं सोडतात, हिरवा रंग तयार करतात आणि चिकट थर बांधतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. त्यात शिरलेल्या जंतूंपर्यंत औषध पोचणं महामुश्कील. आपल्या सोसायटीच्या सभेत कोरम भरल्याशिवाय ठराव होत नाही ना, तसंच. शास्त्रज्ञांनी नावही तेच दिलंय, कोरम सेन्सिंग. सोलेनॉप्सिन या इशाऱ्यात अडथळा आणतं, असं त्या अभ्यासात दिसलं. गर्दी झाली तरी कोरम भरल्याचं कळतच नाही. रंग कमी, थर कमी. जंतूला न मारता त्याचा उपद्रव कमी करण्याची ही वाट मला फार महत्त्वाची वाटते. ज्याने जीव जात नाही त्याच्याविरुद्ध तग धरणारे जंतू निवडले जाण्याचा दबावही कमी असतो, असं त्यामागचं तर्कशास्त्र आहे.

इथवर वाचून कोणाला वाटेल की म्हणजे कुठलीही मुंगी चालेल. तसं नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी २० जातींच्या मुंग्यांचे अर्क एका निरुपद्रवी स्टॅफवर तपासले. १२ जातींच्या अर्काने जंतूंची वाढ रोखली. बाकी ८ जातींच्या अर्काचा काही परिणामच दिसला नाही. सगळ्यांत जोरदार अर्क एका अगदी बारक्या मुंगीचा निघाला, सोलेनॉप्सिस मोलेस्टाचा. ज्या आठ जातींकडे रसायन सापडलं नाही त्याही जगतातच. कोणी आजारी मुंगीला बाहेर काढत असेल, कोणी एकमेकींना चाटून साफ ठेवत असेल. घर निरोगी ठेवायला त्यांच्याकडे एकच उपाय नाही.

बातम्यांत तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते, ती सोडवायला हवी. आंब्याकाजूची पानं शिवून घर करणारे हुमले कोकणगोव्यात सगळ्यांच्या ओळखीचे. त्यांना नांगीच नसते. ते कडकडून चावतात आणि जखमेवर फॉर्मिक आम्ल उडवतात. हे आम्ल सतराव्या शतकात जॉन रे यांनी मुंग्या उकळून त्यांच्या वाफेतून मिळवलं होतं, आणि मुंगीच्या लॅटिन नावावरून त्याचं नाव पडलं. तेही जंतू मारतं, पण साधं आम्ल म्हणून. दुसरी गोष्ट आफ्रिकेतल्या माताबेले मुंग्यांची. वाळवीवर हल्ला करताना जखमी झालेल्या साथिणींना त्या उचलून घरी आणतात आणि जखमेत संसर्ग झाला असेल तर तिथे खास स्राव लावतात. आयव्हरी कोस्टमधल्या कोमोए राष्ट्रीय उद्यानात एरिक फ्रँक आणि सहकाऱ्यांनी हे पाहिलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामानुसार या उपचाराने संसर्ग झालेल्या मुंग्यांचे मृत्यू सुमारे ९० टक्क्यांनी घटतात, आणि तो संसर्ग करणारा जंतूही पुन्हा स्युडोमोनासच. पण तो स्राव विष नाही, मागच्या पायांच्या वरच्या बाजूला असलेल्या वेगळ्या ग्रंथीतला आहे. तिसरी गोष्ट केनियातल्या बाभळींवर राहणाऱ्या मुंग्यांची. त्यांच्या अंगावरच्या एका जिवाणूकडून २०१७ मध्ये फॉर्मिकामायसिन ही नवी अँटिबायोटिक्स मिळाली, एमआरएसएला मारणारी. तिथे औषध मुंगी करत नाही, तिच्यासोबत राहणारा जिवाणू करतो.

मग विषाचं औषध अजून का नाही? १९५८ पासून किती वर्षं झाली.

पहिली अडचण त्या 'तुलनेने' शब्दाची. आवरणं फोडणारा रेणू आपल्या तांबड्या पेशीही काही प्रमाणात फोडतो. मधमाशीचं मेलिटिन तर त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. प्रयोगशाळेत एक सोपी चाचणी असते. नळीत रक्तपेशी घ्यायच्या, पेप्टाइड घालायचं, खाली बसू द्यायचं. वरचं पाणी नितळ राहिलं तर ठीक, गुलाबी झालं तर पेशी फुटल्या. कितीतरी आशादायक पेप्टाइडं या गुलाबी पाण्यात बुडाली आहेत. दुसरी अडचण, पेप्टाइड हे शेवटी प्रथिनच. तोंडाने दिलं तर पोटात पचून जातं, शिरेतून दिलं तर रक्तातली विकरं त्याचे तुकडे करतात. तिसरी ॲलर्जीची. ऑस्ट्रेलियातल्या जॅक जंपर मुंगीच्या विषात पायलोसुलिन नावाची पेप्टाइडं आहेत. ती जंतू मारतात, आणि त्यांच्याच घराण्यातला रेणू त्या विषातला प्रमुख ॲलर्जीकारक आहे. तास्मानियात सुमारे ३ टक्के लोकांना या मुंगीची गंभीर ॲलर्जी आहे आणि एका डंखाने माणसं दगावली आहेत. आपल्याकडेही मुंगी चावल्यावर अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर चुना लावत बसू नये, तडक रुग्णालय गाठावं.

विष मिळवणं ही मात्र आता तेवढी मोठी अडचण राहिलेली नाही. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली एकेका मुंगीची विषपिशवी चिमट्याने काढावी लागे. आता माळेतल्या अमायनो आम्लांचा क्रम एकदा कळला की पेप्टाइड यंत्रावर जोडून घेता येतं, हवा तिथे मणी बदलताही येतो. रक्तपेशींना कमी इजा करणाऱ्या नव्या माळा अशाच जुळवून पाहतात.

या वाटेवर आधी कोण ठेचकाळलं हे ठाऊक असावं. १९८७ मध्ये मायकेल झॅसलॉफ यांच्या लक्षात आलं की शस्त्रक्रिया केलेले बेडूक गढूळ पाण्यात सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत नाहीत. कातडीतून मॅगेनिन नावाची पेप्टाइडं मिळाली. त्यावरून पेक्सिगॅनन हे मलम तयार झालं, तेही मधुमेही पायाच्या जखमांसाठीच. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मंजुरी नाकारली, कारण उपलब्ध गोळीपेक्षा ते सरस असल्याचं दिसलं नाही. २०१६ मध्ये पुन्हा मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांतही ते अपयशी ठरलं. प्लेटवरचा झोन आणि माणसाच्या पायावरची जखम यांत एवढं अंतर असतं.

आणि जंतूंना आवरण बदलता येत नाही असंही कोणी समजू नये. कोलिस्टिन हे आपलं शेवटच्या फळीतलं औषध, तेही आवरण फोडणारं पेप्टाइडच. ते कोंबड्याडुकरांना वजन वाढवण्यासाठी खाऊ घातलं गेलं. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांतल्या जंतूंत एक जनुक सापडलं, जे आवरणाचा ऋणभारच कमी करतं आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. भारताने २०१९ मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. मुंगीचं पेप्टाइड उद्या औषध झालं आणि असंच सढळ हाताने वापरलं गेलं तर त्याचंही हेच होईल.

मला जास्त आशा वाटते ती वेगळ्या बाजूने. सळ्या, कृत्रिम सांधे, कॅथेटर अशा शरीरात घालायच्या वस्तूंवर जंतू चिकटतात, बायोफिल्म बांधतात, आणि मग वस्तू काढल्याशिवाय संसर्ग जात नाही. २०१० मध्ये एमआयटीतल्या अनिता शुक्ला, पॉला हॅमंड आणि सहकाऱ्यांनी फ्रेंच गयानाच्या त्या मुंगीचं पोनेरिसिन जी१ घेतलं आणि हळूहळू विरघळणाऱ्या पॉलिमरच्या पातळ पापुद्र्यांत एकावर एक थर देऊन बसवलं. त्या थरांतून साधारण दहा दिवस पेप्टाइड झिरपत राहिलं. त्याची ताकद कमी झाली नव्हती. स्टॅफ त्या पृष्ठभागाला चिकटू शकला नाही, आणि जखम भरून आणणाऱ्या पेशींना इजा झाली नाही. हे सगळं प्रयोगशाळेतलं आहे, रुग्णावरचं नाही. पण रक्तात सोडण्याऐवजी पृष्ठभागावर, थोडं, हवं तिथेच, ही रीत बघून मला पोट उंचावून अंड्यांवर एक नॅनोग्रॅम शिंपडणारी ती दाई मुंगी आठवली.

भावाला यातलं थोडंच सांगितलं. मग विचारलं, "जखमेचं कल्चर केलंत का रे कधी?" केलं नव्हतं. दोन महिन्यांत तीन वेगवेगळी अँटिबायोटिक्स झाली होती, त्यांतलं एक दुकानातून असंच आणलेलं. परवा त्यांच्या डॉक्टरांनी स्वॅब पाठवला. आज दुपारी मी तो प्लेटवर पसरला, चकत्या ठेवल्या आणि इन्क्युबेटरचं दार लावलं. झोन उद्या सकाळी मोजायचे आहेत.